एकट्या वाक्यात व्याकरण मावत नाही

इंग्रजी कसे शिकावे हा विषय निघाला की वादाच्या दोन बाजू आधीच ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, आधी व्याकरण पक्के करा. बारा टेन्स, आर्टिकल, पॅसिव्ह व्हॉइस घोटून झाले की बोलणे आपोआप येईल. दुसरी म्हणते, व्याकरणाचे पुस्तक मिटा आणि चुकतमाकत का होईना, बिनधास्त बोला. पहिलीला छोटे रोजचे संवाद म्हणजे ‘हाउ आर यू, आय ॲम फाइन’ छापाचा पोरखेळ वाटतो. दुसरी त्याच संवादांमधली वाक्ये सुटी करून पाठ करायला लावते. भांडण जोरात असले तरी एका गोष्टीवर दोघींचे एकमत आहे, आणि नेमकी तीच चुकीची आहे: व्याकरण वेगळे आणि बोलणे वेगळे. माझे म्हणणे असे की मराठी माणूस इंग्रजीत जिथे खरोखर अडखळतो, त्यातल्या बहुतेक जागा एकट्या वाक्यात दिसतच नाहीत. समोरच्याने आधी काय म्हटले, त्याला काय ठाऊक आहे, बोलण्याच्या क्षणी घड्याळात किती वाजले आहेत, यावर त्या ठरतात. त्यामुळे चार-सहा ओळींचा संवाद हा व्याकरण संपल्यावर करायचा सराव नव्हे. व्याकरणाचा सराव ज्यात होऊ शकतो असा तो सर्वांत लहान तुकडा आहे.

आर्टिकलपासून सुरुवात करू, कारण आपल्या भाषेत ती नाहीतच. स्वाध्यायात वाक्य असते: ‘आय सॉ — डॉग.’ गाळलेली जागा भरा. उत्तरसूचीत ‘अ’ असते. पण ‘द’ का नाही? ‘आय सॉ द डॉग’ हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. विद्यार्थ्याला प्रश्न पडतो, तो विचारत नाही, आणि ‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ असा कामचलाऊ नियम मनाशी बांधतो. मग कोणी ‘क्लोज द डोअर’ म्हणते. दाराचा उल्लेख आधी कुठेच झालेला नाही, तरी ‘द’ कसे? नियम तिथेच मोडतो. खरा नियम उल्लेखाचा नाही, ऐकणाऱ्याचा आहे: कोणती वस्तू ते त्याला ओळखता येईल का? खोलीत दोघे बसलेत, दार एकच, म्हणून ‘द’. ‘आय बॉट अ बॅग अँड ॲन अम्ब्रेला’ असे एकाने सांगितले आणि दुसऱ्याने विचारले, ‘व्हेअर इज द अम्ब्रेला?’ आता कोणती छत्री हे दोघांनाही कळते. गाळलेल्या जागेच्या स्वाध्यायात ऐकणारा माणूसच गाळलेला असतो. ज्याच्यावर उत्तर अवलंबून आहे त्यालाच काढून टाकल्यावर विद्यार्थी सराव कशाचा करतो?

प्रेझेंट परफेक्ट आणि सिंपल पास्ट यांचा घोळ याहून चिवट. मराठीत ‘मी ते पत्र कालच पाठवले आहे’ हे वाक्य अगदी सरळ आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ यांचे भांडण नाही. इंग्रजीत आहे. ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे’ हे चालत नाही, कारण ठरावीक गतकाळ सांगितला की ‘हॅव’ जावेच लागते. टेन्सचा तक्ता पाठ केलेल्यालाही ही चूक होते. तक्त्यात दोन्ही रूपे शेजारी असतात, पण एकातून दुसऱ्यात जायचे केव्हा हे त्यात नसते. संवादात ते जाणे आपसूक घडते: ‘हॅव यू सेंट द लेटर?’ ‘यस, आय सेंट इट यस्टरडे.’ प्रश्न विचारणाऱ्याला काम झाले की नाही एवढेच हवे आहे, म्हणून परफेक्ट. उत्तर देणारा वेळ सांगतो, म्हणून पास्ट. (अमेरिकन बोलीत ‘डिड यू सेंड द लेटर येट?’ सर्रास चालते. तिथे सीमारेषा थोडी सरकलेली आहे, एवढे विद्यार्थ्याला सांगून ठेवावे आणि पुढे जावे.)

‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांच्यावर तर पुस्तकांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत: एक निश्चित भविष्य, एक अनिश्चित, वगैरे. त्यातले बरेचसे बिनकामाचे आहे. एकजण म्हणतो, ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर.’ दुसऱ्याला हे आत्ताच कळले असेल तर तो म्हणेल, ‘ओह, आय विल गेट सम.’ आधीच माहीत असेल आणि पिशवी हातात घेतलेली असेल तर म्हणेल, ‘आय नो, आय ॲम गोइंग टू गेट सम.’ साखर तीच, माणूस तोच, भविष्यकाळही तोच. फरक इतकाच की निर्णय समोरच्याच्या वाक्यानंतर झाला की आधी. आधीची ओळ झाकून ठेवली तर हा फरक कोणत्या व्याख्येने समजावणार?

आणि काही जागा तर अशा आहेत की दुसरा माणूस नसेल तर त्या अस्तित्वातच येत नाहीत. नकारार्थी प्रश्नाला उत्तर देणे ही त्यातली सर्वांत त्रासदायक. ‘तू जेवला नाहीस?’ ‘हो, नाही जेवलो.’ मराठीत ‘हो’ हे समोरच्याच्या म्हणण्याला दिलेले अनुमोदन असते. इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ पुढच्या क्रियापदाशी बांधलेले असतात: ‘हॅवन्ट यू ईटन?’ ‘नो, आय हॅवन्ट.’ इथे ‘यस’ एवढेच म्हणून गप्प बसणारा उपाशी राहतो, कारण ऐकणाऱ्याच्या लेखी तो जेवलेला आहे. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ या प्रश्नाला उत्साहाने ‘यस’ म्हणणे हा नकार ठरतो; संमती ‘नो, नॉट ॲट ऑल’ने द्यायची. क्वेश्चन टॅगचेही तसेच. आपला एकटा ‘ना?’ सगळीकडे चालतो, म्हणून ‘यू आर कमिंग, इजन्ट इट?’ तोंडातून निघते. तिथे ‘आरन्ट यू?’ हवे, कारण टॅग आधीच्या सहायक क्रियापदावरून उचलायची असते. ‘सो डू आय’, ‘नीदर हॅव आय’ हीदेखील त्याच जातीची रूपे: आधीच्या माणसाचे सहायक क्रियापद क्षणात ओळखून परत करायचे. ही रूपे तक्त्यात लिहिता येतात. त्यांचा सराव मात्र तक्त्यातून होत नाही, कारण इथे कौशल्य रूप आठवण्याचे नाही, ऐकून पकडण्याचे आहे. ‘हीज गॉन’ आणि ‘हीज गोइंग’ यांत ‘हीज’ कानाला एकच लागते, पण पहिल्यात ‘हॅज’ दडलेले आहे आणि दुसऱ्यात ‘इज’. मागाहून ‘हॅज ही?’ म्हणायचे की ‘इज ही?’ हे त्यावर ठरते.

आता विरोधी मुद्दे घेऊ, आणि ते दुबळे नाहीत. व्याकरणवाद्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा काटकसरीचा आहे. एक नियम कळला की त्यातून अगणित वाक्ये तयार करता येतात; एक संवाद पाठ केला की हातात सहा ओळी येतात. प्रौढ विद्यार्थ्याकडे लहान मुलासारखा दिवसभराचा वेळ नसतो, मग त्याला आडवळणाने का न्यायचे? हे मान्यच करायला हवे. नियम उघडपणे सांगितल्याने शिकणे वेगाने होते, हे संशोधनातही दिसले आहे. नॉरिस आणि ऑर्टेगा या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी २००० साली ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा उघड शिकवण्याचे पारडे जड निघाले. पण त्याच आढाव्यात एक मेख आहे, ती उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत: त्यातल्या बहुतेक चाचण्या नियंत्रित स्वरूपाच्या होत्या, म्हणजे पर्याय निवडा, रूप भरा, वाक्य दुरुस्त करा. मोकळ्या बोलण्या-लिहिण्याची परीक्षा फार थोड्या अभ्यासांत होती. नियम सांगावा की नाही हा वाद त्यामुळे माझ्या दृष्टीने मिटलेला आहे: सांगावा, मराठीत सांगावा, दोन मिनिटांत सांगावा. तो सांगितल्यावर उरलेली अठ्ठावीस मिनिटे कशात घालवायची, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो आणि तो संवादवाद्यांना झोंबणारा आहे. संवादांचा प्रयोग होऊन गेला आणि फसला, असे म्हणतात. यात किती तथ्य आहे ते तपासताना थोडे मागे जावे लागेल. संवादातून भाषा शिकवणे ही काही कालची टूम नाही. रोमन साम्राज्यात ग्रीक आणि लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी दुभाषी पुस्तके होती, त्यात सकाळी उठणे, कपडे घालणे, शाळेत जाणे, स्नानगृहात जाणे यांचे छोटे प्रसंग असत. इंग्लंडमध्ये इ. स. १०००च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या मठवासी शिक्षकाने लॅटिनसाठी एक संवाद रचला; त्यात शिष्य नांगरणारा, मेंढपाळ, कोळी अशा भूमिका घेऊन गुरूच्या प्रश्नांना उत्तरे देतात. लॅटिन बोलण्याची गरज होती तोवर अशी पुस्तके टिकली. पुढे लॅटिन ही बोलायची भाषा राहिली नाही आणि बुद्धीला व्यायाम म्हणून शिकायचा विषय झाली. तेव्हा नियम, शब्दसूची आणि भाषांतराला सुटी वाक्ये हा साचा आला. एकोणिसाव्या शतकात जिवंत भाषाही त्याच साच्यात ओतल्या गेल्या. आपल्याकडच्या भाषांतरावर उभ्या असलेल्या पाठमाला त्याच काळाचे अपत्य. १८८२ साली जर्मनीत विल्हेल्म फिएटोर याने भाषाशिक्षणाने उलट दिशा धरली पाहिजे अशी पुस्तिका काढली, आणि त्यानंतरच्या सुधारकांनी एकमेकांशी नाते नसलेल्या वाक्यांवर मनसोक्त टीका केली. ती टीका आजच्या ‘डू ॲज डायरेक्टेड’ला शब्दशः लागू पडते.

मग दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकी सैन्याने भाषाप्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम चालवला: लहान गट, ती भाषा जन्मापासून बोलणारा माणूस समोर, दिवसाचे कित्येक तास सराव. त्यातून स्फूर्ती घेऊन पुढच्या दोन दशकांत शाळा-कॉलेजांत जी पद्धत आली, तिच्यात संवाद तोंडपाठ करायचे आणि मग एकच साचा शब्द बदलून शंभरदा म्हणायचा. मुळात जे कामाचे होते, म्हणजे लहान गट आणि खरा बोलणारा, ते खर्चिक म्हणून गळाले. पाठांतर तेवढे उरले. सवयीतून भाषा येते या गृहीतकावर भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ साली मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पुस्तकाच्या परीक्षणात जोरदार हल्ला केला, आणि वर्गातही दिसू लागले की विद्यार्थी संवाद घडाघड म्हणतात, पण त्यातले एक पात्र अनपेक्षित काही बोलले की गप्प होतात. तर होय, तो प्रयोग फसला. पण फसले काय? पाठांतर. संवादाची एकही ओळ बदलायची नाही, हा त्या पद्धतीचा दंडक होता. म्हणजे संवादाचा जो गुण, आधीची ओळ बदलली की पुढची बदलते, तोच तिने गोठवून ठेवला. शंभर वेळा म्हटलेला अचल संवाद हा थोडा लांबवलेला तक्ताच असतो. संस्कृतची शब्दरूपे ‘रामः रामौ रामाः’ अशी धडाधड म्हणणाऱ्याला ‘रामाने फळ आणले’ म्हणायला सांगितले की तो मनात पहिल्या विभक्तीपासून चालत येतो. हा अनुभव ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले त्यांना वेगळा सांगायला नको.

पाठ्यपुस्तकातले संवाद खोटे असतात, हा तिसरा आक्षेप. खराच आहे. यूजीन आयोनेस्को हा नाटककार इंग्रजी शिकायला बसला, त्याच्या पुस्तकात बायको नवऱ्याला आपले आडनाव काय, आपण राहतो कुठे, आपल्याला मुले किती हे गंभीरपणे सांगत होती. त्या संवादांवरून त्याला १९५० साली रंगभूमीवर आलेले असंगत नाटक सुचले. हसू येते, पण दोष नेमका कुठे आहे ते पाहिले पाहिजे. वाक्ये साधी आहेत हा दोष नाही. दोघांनाही सगळे आधीच माहीत आहे, हा दोष आहे. बोलायला कारणच नाही. आणि बोलायला कारण नसेल तर व्याकरणालाही निवडीचे कारण उरत नाही. ‘वी हॅव थ्री चिल्ड्रन’ऐवजी ‘वी हॅड’ का नाही, हे त्या प्रसंगात कशावरूनही ठरत नाही.

राहिले ‘नुसते बोला’वाले. लहान मूल व्याकरणाशिवाय भाषा शिकते, हा त्यांचा हुकमी एक्का. मूल हजारो तास ऐकते, दिवसभर त्याच्याशी कोणी ना कोणी बोलते आणि त्याची भूक, तहान, हट्ट सगळे त्या भाषेवर अवलंबून असते. आठवड्याला तीन तासांच्या शिकवणीशी त्याची तुलना कशी करणार? शिवाय भरपूर ऐकूनही पुरत नाही याचे उदाहरण कॅनडात आहे. तिथल्या इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवले गेले. वर्षानुवर्षांच्या शिक्षणानंतर त्यांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्या-लिहिण्यात क्रियापदे आणि लिंगे चुकतच राहत. भाषाशिक्षणाच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्यावरून मांडले की समजून घेताना व्याकरणावाचून भागते, बोलताना ते वापरावे लागते, आणि समोरच्याने नेमकेपणाची मागणी केली तरच ते सुधारते. आपल्याकडे भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत केलेला प्रयोग धाडसी होता: व्याकरणाचा अभ्यासक्रमच नाही, वेळापत्रक वाचणे, नकाशावर वाट शोधणे अशी कामे तेवढी. मूल्यमापनात दोन्ही प्रकारचे वर्ग आपापल्या पद्धतीला जवळच्या परीक्षेत पुढे निघाले. कामांतून शिकलेले कामांत, रचना घोटलेले रचनांत. माणूस ज्याचा सराव करतो त्यातच तयार होतो, इतका साधा हा निष्कर्ष आहे, आणि तो दोन्ही छावण्यांना गैरसोयीचा आहे.

मग संवाद कसा असावा? हा एक घ्या.

‘हॅव यू कॉल्ड द प्लंबर?’
‘यस, आय कॉल्ड हिम धिस मॉर्निंग.’
‘व्हॉट डिड ही से?’
‘ही सेड ही वुड कम बाय फाइव्ह.’
‘इट्स सिक्स नाउ. ही हॅजन्ट कम.’
‘ऑल राइट, आय विल कॉल हिम अगेन.’

सहा ओळी. एकाला माहिती हवी आहे, दुसऱ्याकडे ती आहे, म्हणून प्रश्न खरे आहेत. आधी दोनदा वाचून कोणाला काय हवे आहे एवढेच पाहायचे. मग प्रत्येक क्रियापदाशी थांबून, हे रूप का, याचे एका वाक्यात मराठीतून उत्तर द्यायचे. दोन वाक्ये लागली तर नियम अजून कळलेला नाही. त्यानंतर मोठ्याने भूमिका घ्यायच्या आणि न चुकता अदलाबदल करायची. मग एका पात्राच्या ओळी झाकून त्या आपल्या शब्दांत भरायच्या. तंतोतंत तेच वाक्य यायला नको, आधीच्या ओळीला बसेल असे यायला हवे. इथवर दहा मिनिटे जातात, आणि बहुतेक वर्ग नेमके इथेच थांबतात. खरा सराव इथून पुढे सुरू होतो: संवादातली एकच वस्तुस्थिती बदलायची आणि कोणकोणत्या ओळी हलतात ते पाहायचे.

घड्याळात सहाऐवजी चार वाजू द्या. पाच अजून वाजायचे आहेत, म्हणून ‘ही सेड ही विल कम बाय फाइव्ह’ आता चालते. सहा वाजता ते विचित्र वाटले असते, कारण ती वेळ टळून गेली. डायरेक्ट-इनडायरेक्टमध्ये ‘विल’चे ‘वुड’ डोळे मिटून करणाऱ्याला हा फरक कधी दिसलेलाच नसतो. शिवाय पाचवी ओळही बदलते: ‘इट्स ओन्ली फोर.’ आता फोन केलाच नव्हता असे धरा. दुसरी ओळ ‘नॉट येट, आय विल कॉल हिम नाउ’ होते आणि पुढच्या चारही ओळी गळून पडतात. संवाद सकाळीच चालला आहे असे धरा. सकाळ संपलेली नाही, म्हणून ब्रिटिश वळणात ‘आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ म्हणता येते. दुपारी तेच म्हणता येत नाही. प्लंबर येऊन गेला असेल तर ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’, आणि लगेच पुढचा प्रश्न ‘व्हेन डिड ही कम?’ असा पास्टमध्ये. एका संवादातून असे चार-पाच फेरफार निघतात. नियमाची काटकसर हवी होती ना? ती इथे मिळते, आणि तीही नियमाला काम करताना पाहून.

या संवादात तिसरा माणूस मुद्दाम आहे. दोघांच्या संवादात कर्ते बहुधा ‘आय’ आणि ‘यू’ असतात, त्यामुळे ‘ही गोज’मधला ‘एस’ कधी तोंडात बसत नाही. भरपूर संवाद केलेले लोकही ‘ही डोन्ट नो’ म्हणतात ते यामुळे. गैरहजर माणसाबद्दल बोलायला लावले की ही उणीव भरून निघते. दुसरी उणीव प्रश्नांची. वर्गात विचारतो शिक्षक, उत्तर देतो विद्यार्थी, वर्षभर हेच. त्यामुळे दहा वर्षे इंग्रजी शिकूनही प्रश्न विचारण्याची वेळ आली की ‘व्हाय यू डिडन्ट कॉल?’ आणि ‘डिड यू वेन्ट?’ असेच निघते. मराठीत प्रश्नार्थक शब्द घातला की क्रियापद जागचे हलत नाही. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारते, आणि तीच उडी ‘डू यू नो व्हेअर ही इज?’सारख्या प्रश्नातल्या प्रश्नात पुन्हा रद्द होते. हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. भूमिका बदलणे अनिवार्य म्हटले ते त्यासाठी.

बिघडते कुठे, तेही सांगितले पाहिजे. संवाद बारा-पंधरा ओळींचा केला की सगळे लक्ष आठवण्यात जाते आणि व्याकरण पार्श्वभूमीला सरकते. प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात लिहिली की तो मुलाखतीसारखा वाजतो. माणसे ‘बाय फाइव्ह’ म्हणून मोकळी होतात. पण सगळ्याच ओळी तुटक ठेवल्या तर क्रियापद कुठेच येत नाही आणि सराव होत नाही, म्हणून निदान तीन ओळींत ते पूर्ण यायला हवे. एकाच रूपाची पेरणी प्रत्येक ओळीत केली, म्हणजे सहाही ओळींत प्रेझेंट परफेक्ट, तर निवड उरत नाही. जवळचे दुसरे रूप सोबत असावेच. मराठी संवाद लिहून ओळीओळीने भाषांतर करणे हा सर्वांत मोठा घात, कारण त्यात ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ थेट ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतो आहे’मधून उतरते. आणि चूक दुरुस्त करणारा मध्येच तोंड घालत असेल तर बोलणारा धागा सोडतो. चूक कागदावर टिपावी, फेरी संपल्यावर दाखवावी, आणि तीच फेरी पुन्हा करावी. दुसऱ्या दिवशी तो संवाद न पाहता लिहून मूळाशी ताडून पाहणे, आठवड्याने पुन्हा एकदा, एवढे केले तर पुरे. एकाच दिवशी वीस वेळा म्हटलेले टिकत नाही; अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवून ठेवले आहे.

हल्ली जोडीदार मिळत नाही ही तक्रारही उरलेली नाही, कारण मोबाइलमधला यांत्रिक संभाषक रात्री दोन वाजताही तयार असतो. तो उपयोगी आहे, पण फार समजूतदार आहे. ‘यस, आय डोन्ट लाइक इट’ म्हटले तरी तो अर्थ ताडतो आणि पुढे जातो. त्याला आधीच बजावून ठेवावे लागते की माझे रूप आधीच्या ओळीशी जुळले नाही तर पुढे जाऊ नकोस, मला विचार.

संवादांना न झेपणारा भागही आहे. अहवालातला पॅसिव्ह, लांबलचक सापेक्ष उपवाक्ये, परिच्छेद जोडणारी अव्यये या गोष्टी लेखनाच्या आहेत आणि त्या परिच्छेद लिहूनच येतात. क्रियापदाची अनियमित रूपे, ‘गो-वेन्ट-गॉन’, ही सरळ पाठच करावीत. त्यांना प्रसंगाची गरज नाही. ज्याला केवळ संशोधनपर लेख वाचायचे आहेत त्याने संवादांवर वेळ घालवू नये.

शेवटी अडते ते परीक्षेपाशी. परीक्षेत सुटी वाक्ये येतात, म्हणून वर्गात सुटी वाक्ये, म्हणून शिकवणीत सुटी वाक्ये. शिक्षकाला दोष देऊन काही होत नाही. साठ मुलांच्या वर्गात तोंडी परीक्षा घेणे अवघड आहे हेही खरे. पण कागदावरच्या प्रश्नालाही आधीची एक ओळ जोडता येते. ‘द फोन इज रिंगिंग’ अशी ओळ द्यावी आणि खाली चार उत्तरे: ‘आय आन्सर इट’, ‘आय हॅव आन्सर्ड इट’, ‘आय विल आन्सर इट’, ‘आय ॲम गोइंग टू आन्सर इट’. चारही वाक्ये रचनेच्या दृष्टीने शुद्ध आहेत. वाजणाऱ्या फोनला मात्र त्यातले एकच बसते, आणि पुढच्या दोन गुणांसाठी ते का बसते हे विद्यार्थ्याने मराठीत एका ओळीत लिहावे. असा प्रश्न काढायला जादा वेळ लागत नाही, तपासायलाही नाही. पाच गुणांचा असा एक प्रश्न दरवर्षी येणार हे ठरले, तर त्याच वर्षीच्या गाइडांमध्ये चार ओळींचे संवाद छापले जातील.